चवथीच्या गोळ्या, एप्रिलमध्ये

"तीन पाकिटां दी गो बाय. चवथीची."

एप्रिलचा दुसरा आठवडा होता. गणेश चतुर्थीला पाच महिने बाकी होते. काउंटरपलीकडे चोपडें गावच्या सुनंदा मावशी उभ्या होत्या. एका हातात पोदेराकडच्या उंड्यांची, म्हणजे गोल पावांची, पिशवी, दुसऱ्या हातात गोळ्यांचं रिकामं पाकीट, नमुना म्हणून आणलेलं.

मी फार्मासिस्ट आहे. गोव्यात पेडण्याच्या बाजारातल्या औषधांच्या दुकानात बावीस वर्षं नोकरी करते. चवथीच्या गोळ्या म्हणजे पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या. हे नाव कंपनीने ठेवलेलं नाही, गिऱ्हाइकांनी ठेवलं आहे. गणपती घरात असताना पाळी आली तर त्या बाईला देवासमोर आणि स्वयंपाकघरात जाता येत नाही, आणि त्याच दिवसांत घरात सगळ्यांत जास्त काम असतं. म्हणून चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात बायका येतात, आवाज खाली करून नाव सांगतात, पाकीट पर्सच्या तळाशी ठेवतात. कायद्याने या गोळ्यांना डॉक्टरांची चिठ्ठी लागते. रीतीने लागत नाही. बावीस वर्षं मी रीत पाळली होती.

"चवथीक अजून पाच म्हयने आसत, मावशी," मी म्हटलं.

"माका म्हायत आसा. शिल्पाक धाडूची आसत."

दुकानाचे मालक कोपऱ्यातल्या खुर्चीत पेपर वाचत होते. त्यांना सगळे पात्रांव म्हणतात. त्यांनी पेपर खाली केला नाही.

"इंग्लंडात चवथ एप्रिलात येता?"

"तुमी गप रवा, पात्रांव. ह्यां बायलांचां काम."

शिल्पा ही मावशींची मुलगी. वय एकोणतीस. आधी डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या पॅकिंग लाइनवर होती. मग पेशंटची देखभाल करण्याचा कोर्स केला आणि जानेवारीत इंग्लंडमधल्या एका छोट्या गावी केअर होममध्ये नोकरीला लागली. केअर होम म्हणजे म्हाताऱ्या माणसांना सांभाळणारी संस्था. सहा महिने प्रोबेशन. एवढं सगळ्या बाजाराला माहीत होतं.

"तीन पाकिटं कशाला?" मी विचारलं.

"दर म्हयन्याक घेता ती. पाळयेच्या आधी तिका खूप त्रास होता. ह्यो गोळयो तिका बऱ्यो पडतत. शेजारची वैशाली शनवारी मोपाच्या विमानतळावरसून इंग्लंडाक जाता, तिच्याकडे सोलां आणि सुक्या सुंगटांवांगडा धाडतंय."

दर महिन्याला, हे दोन शब्द मी पुन्हा वदवून घेतले. मग पाकिटं देणार नाही असं सांगितलं.

पात्रांवांनी आता पेपर खाली केला. "गिऱ्हाईक मागतंय ना?"

"मागतंय. पण ही त्या त्रासाची गोळी नाही."

"दरवर्षी देतेस तेव्हा बरी असते?"

मावशींनी रिकामं पाकीट उचललं. "नाय तर नाय. म्हापशाक मेळतत."

ते खरं होतं. मी नाही म्हटल्याने गोळ्या थांबणार नव्हत्या, वीस किलोमीटर लांबून येणार होत्या. आज बुधवार होता. शनिवारपर्यंत काय ते करायचं होतं. मी मावशींना म्हटलं, शिल्पाशी एकदा बोलू दे, मग तुम्ही म्हापशाला जा, मी अडवणार नाही. मावशींनी विचार केला. उन्हात म्हापशाची बस पकडण्यापेक्षा फोन सोपा होता.

गोव्यात दुपारी एक ते चार दुकान बंद असतं. दीड वाजता तिकडे सकाळचे नऊ होतात. गुरुवारी आम्ही दोघी मागच्या खोलीत सलाइनच्या खोक्यांवर बसलो आणि मावशींनी व्हिडिओ कॉल लावला. शिल्पा अजून घरच्या कपड्यांत होती. दुपारची ड्युटी.

"आये, हिका कित्याक सांगलंय?" तिने पहिलं वाक्य आईला ऐकवलं.

"गोळयो देईना ती."

"गोळ्या कधीपासून घेतेस?" मी विचारलं.

"फेब्रुवारीपासून. येताना आणलेल्या."

"कुणी सांगितलं?"

"ताई, पहिलं पाकीट तुम्हीच दिलेलात. चार वर्षांपूर्वीच्या चवथीला."

मला ते आठवत नव्हतं. त्या आठवड्यात मी किती जणींना देते ते कुठल्याच वर्षी आठवत नाही. मी पुढचा प्रश्न विचारला.

हकिगत अशी होती. पाळीच्या आधीचे चार-पाच दिवस शिल्पाला नेहमीच वाईट जायचे. छाती दुखायची, पोट फुगायचं, झोप उडायची, कुणी साधं बोललं तरी रडू यायचं किंवा संताप यायचा. पाळी सुरू झाली की दुसऱ्या दिवशी सगळं जायचं. डॉक्टर याला पीएमएस म्हणतात. घरी असताना ते खपून जायचं. मावशींच्या शब्दांत, "तेवां आमी तिच्या वाटेक जायनासलो." केअर होममध्ये वाटेला न जाण्याची सोय नव्हती. डिचोलीच्या पॅकिंग लाइनवर बेळगावकडची एक मैत्रीण लागोपाठच्या लांब शिफ्टच्या आठवड्यात याच गोळ्या घ्यायची आणि पाळी सुट्टीच्या दिवसांवर नेऊन ठेवायची. शिल्पाने तोच हिशेब इंग्लंडमध्ये लावला. ड्युटीचे दिवस गोळीवर काढायचे, सुट्टी आली की गोळी बंद. पाळी पुढे जाईल तसा त्रासही पुढे जाईल.

"गेला?"

"पाळी गेली."

"त्रास?"

मावशी म्हणाल्या, "बरी आसा ती. गोळयो घेता तेवां बरी आसता."

"आये, तू रव मगे."

मग खरं ते बाहेर आलं. तिच्याविरुद्ध दोन लेखी तक्रारी झाल्या होत्या. पहिल्या वेळी ती एका सहकारी बाईवर पेशंटसमोर ओरडली. दुसऱ्या वेळी ती पॅन्ट्रीत रडत बसली आणि एक आजी वीस मिनिटं बाथरूमबाहेर व्हीलचेअरमध्ये थांबल्या. तिसरी तक्रार झाली तर प्रोबेशन संपवणार, असं मॅनेजरने सांगितलं होतं. नोकरी गेली की ठरावीक मुदतीत दुसरी शोधायची, नाही तर व्हिसा जातो. म्हणजे परत चोपडें.

मावशींना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या खोक्यावर नीट बसल्या.

मी शिल्पाला दोन गोष्टी काढायला सांगितल्या. तक्रारींच्या तारखा आणि गोळ्या घेतल्याच्या तारखा. दोन्ही तिच्या फोनमध्ये होत्या, कारण ती ड्युटीचं वेळापत्रक फोनमध्ये ठेवायची. पहिली तक्रार गोळ्यांच्या नवव्या दिवशी. दुसरी अकराव्या. दोन तारखा म्हणजे पुरावा नव्हे. पण तिला वाईट दिवस मोजायला सांगितले तेव्हा जानेवारीत ते पाच निघाले आणि मार्चमध्ये बारा.

इथे थोडं समजावून सांगणं भाग आहे. महिन्याच्या दुसऱ्या अर्ध्यात शरीरात प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन वाढतं. ते उतरलं की पाळी येते. चवथीच्या गोळीत त्याच जातीचं, पण बनवलेलं हार्मोन असतं. गोळी चालू आहे तोवर शरीराला वाटतं, दुसरा अर्धा अजून संपलेला नाही. बऱ्याच बायकांना त्याने फारसं काही होत नाही. पण जिला मुळात त्याच अर्ध्यात त्रास होतो, तिच्या बाबतीत तो अर्धा आपण हाताने लांबवत असतो. पाळी पुढे जाते. आधीचे दिवस पुढे जात नाहीत, वाढतात.

मी हे शिल्पाला याच शब्दांत सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मी पैसे न घेता ओव्हरटाइम करत होते."

"तसंच."

पायात दुखणं, सूज, दम लागणं असं काही होतं का, तेही विचारलं. या गोळ्या डॉक्टरांच्या नजरेखाली नसताना महिनोन्महिने घेत नाहीत, त्याचं एक कारण रक्ताच्या गुठळ्या हेही आहे. तसं काही नव्हतं. गोळ्या तेव्हाही चालू होत्या, सातवा दिवस होता. मी सांगितलं, तिथल्या डॉक्टरांना आजच फोन कर आणि पाकिटावरचं नाव वाचून दाखव. ते काय सांगतात ते ऐक.

"त्यांना काय सांगू? कामावर मी मायग्रेन म्हणून सांगितलंय."

"मला सांगितलंस तेच."

"तुम्हाला सांगितलं कारण आयेने फोन लावला."

डॉक्टरांच्या दवाखान्यातून शिल्पाला संध्याकाळी फोन आला. गोळ्या बंद करा, दोन-तीन दिवसांत पाळी येईल, आणि पुढचे दोन महिने रोज नोंद ठेवा. कुठल्या दिवशी काय होतं, किती होतं. ती नोंद घेऊन या. शनिवारी वैशालीच्या बॅगेतून सोलं आणि सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, गेली. पाकिटांच्या जागी मी आमच्या दुकानाचं भिंतीवरचं कॅलेंडर दिलं. वर गणपतीचा फोटो, खाली दुकानाचं नाव. दिवसांचे चौकोन मोठे आहेत, लिहायला जागा असते. दुसरं काही माझ्या हातात नव्हतं.

मंगळवारी मावशी पुन्हा आल्या. या वेळी हातात पिशवी नव्हती.

"तुझ्या सांगण्यान माझ्या चेडवान गोळयो सोडल्यान. आता अंथरुणार पडली हा. इतक्या रगात कधी जावक नासलां."

"किती दिवस झाले?"

"दोन. आणि तिसरी तक्रार झाली तर? तू जातलंय तिच्या मॅनेजराकडे सांगूक?"

दुकानात आणखी चार गिऱ्हाइकं होती. पात्रांवांनी माझ्याकडे पाहिलं. मी मावशींना म्हटलं, इतके दिवस अडवून ठेवलेलं एकदम येतं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी कमी होईल, नाही झालं तर तिने डॉक्टरांना लगेच कळवायचं. हे सांगताना मी खात्रीने बोलले. रात्रीपर्यंत तेवढी खात्री राहिली नाही. बुधवारी सकाळी मीच शिल्पाला मेसेज केला. उत्तर आलं, "कमी आहे. ड्युटीवर चाललेय."

मे महिन्यात वाईट दिवस सहा झाले. सहा म्हणजे बरे नव्हेत. पण बाराचे सहा झाले होते आणि ते कधी येणार हे कॅलेंडरवर दिसत होतं. वाईट दिवसांवर शिल्पा लाल खूण करायची, आधीच्या महिन्यांतलेही तिने फोनवरून उतरवले होते. त्या सहांतल्या चौथ्या दिवशी शिल्पाने एक गोष्ट केली जी मी सांगितलेली नव्हती. कॅलेंडर भिंतीवरून काढलं, गुंडाळलं आणि मॅनेजरच्या टेबलावर उलगडलं. मायग्रेन खोटं होतं, हे खरं आहे, म्हणाली. लाल खुणा बघा.

मॅनेजर पन्नाशीच्या बाई. त्यांनी शिल्पाची फाइल काढली, तक्रारींच्या तारखा खुणांशेजारी धरून पाहिल्या. मग विचारलं, "हा हत्तीच्या तोंडाचा देव कोण?"

शिल्पाने सांगितलं.

"आणि हे तू जानेवारीत का नाही सांगितलंस?"

याचं उत्तर शिल्पाने दिलं नाही. मला फोनवर दिलं. "ताई, आमच्याकडे सांगतात का कोण? गोळी घेतात."

मॅनेजरने दयामाया दाखवली असं म्हणता येणार नाही. दोन्ही तक्रारी फाइलमध्ये राहिल्या. त्या सहा दिवसांत सलग दोन शिफ्ट द्यायच्या नाहीत, एवढी खूण वेळापत्रकावर झाली. जूनअखेर दोन महिन्यांची नोंद घेऊन शिल्पा डॉक्टरांकडे गेली. त्यांनी वेगळं औषध लिहून दिलं. कुठलं ते इथे लिहीत नाही, कारण लिहिलं तर पुढच्या आठवड्यात पेडण्याच्या बाजारात ते चिठ्ठीशिवाय मागितलं जाईल. जुलैमध्ये प्रोबेशन संपायचं होतं. ते दोन महिने वाढवलं. सप्टेंबरात नोकरी कायम झाली. तिसरी तक्रार झाली नाही.

मधल्या काळात इकडे चतुर्थी जवळ आली. मी पात्रांवांना सांगितलं, यंदा या गोळ्या चिठ्ठीशिवाय द्यायच्या नाहीत.

"बाजारात आपलं एकच दुकान आहे काय?"

"नाही."

"मग गिऱ्हाईक जाणार."

"जाणार."

त्यांनी थोडा वेळ पेपर वाचला. मग स्वतःच फलक लिहून आणला, अक्षर चांगलं आहे त्यांचं. "पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणार नाहीत." फलक काउंटरवर लावला. पहिल्याच दिवशी तीन बायका आत आल्या आणि अशा गोळ्या असतात का, कशा घ्यायच्या, म्हणून चौकशी करू लागल्या. त्यांना आजवर माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पात्रांवांनी फलक काढला, नियम राहिला.

चतुर्थीच्या आठ दिवस आधी सुनंदा मावशी आल्या. दुपारचे पावणेएक, दुकान बंद व्हायची वेळ.

"एक पाकीट दी. सुनेक जाय."

मी काही बोलण्याआधी त्यांनी ब्लाउजमधून छोटी पर्स काढली, पर्समधून चार घड्यांचा कागद काढला आणि काउंटरवर सपाट केला. सरकारी दवाखान्याची चिठ्ठी. सुनेचं नाव, वय, गोळीचं नाव, किती दिवस.

"दोन तास बसलंय सुनेक घेवन," मावशी म्हणाल्या. "डॉक्टरान तिका धा प्रश्न विचारले. तू बावीस वर्सांत एक विचारूक नाय."

मी चिठ्ठी वाचली, पाकीट दिलं. गोळी तीच होती. तेव्हापासून मी त्या गोळीसाठी चिठ्ठी मागते आणि वर दोन प्रश्न विचारते, कुणासाठी आणि किती दिवस. निम्म्या बायका उत्तर देतात. निम्म्या म्हापशाला जातात.