देवानंद माइकवर असायचा तेव्हा

सुमनवहिनींचा फोन आला तेव्हा मी संत्र्याच्या बगीच्यात होतो. "भाऊजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. देवानंदचा आवाज तर आधीच गेला होता. त्यामुळे आता नेमकं काय थांबलं, हे तिथं उभ्या उभ्या मला कळेना...

देवानंद पांढुर्ण्यात नळपाण्याच्या कामावर होता. पण सौंसर, मोहगाव, बोरगावपर्यंत लोक त्याला ओळखत ते टेनिस बॉलच्या सामन्यांचा कॉमेंटेटर म्हणून. आम्ही एका वर्गातले. माझ्या घरी त्याला चहा वेगळ्या कपात मिळायचा. तो कप ओसरीच्या कोनाड्यात पालथा असे. मैदानावर मात्र सगळ्यांचा एकच माठ, एकच गिलास. क्रिकेटवर त्याचा जीव जडला तो तिथंच, असं मला वाटतं. रेडिओवर वेस्ट इंडीजची मॅच लागली की म्हणायचा, "पाह्य, ज्यायले सायबानं गुलाम केलं, त्यायनंच सायबाले त्याच्या खेळात हरवलं. आपल्या इथंबी होईन." माइक हातात आला की त्याची सुरुवात ठरलेली : राम राम, जय भीम, आदाब. मग दिवसभर उन्हात तो बोलत राही आणि चौकार न पाहिलेल्यांनाही चौकार दिसे.

पुढे संघांची नावं बदलली. आधी गल्ल्यांचे संघ होते, ते समाजांचे झाले. एका फायनलला आयोजकांपैकी एक जण, शाळेत आमच्याच संघातून खेळलेला, देवानंदच्या कानाशी आला. "देवा, यावर्षी जय भीम तेवढं राहू दे. पोरं भडकून राहिले."

"आन् राम राम?"

"ते चालते."

देवानंदनं माइक टेबलावर ठेवला, बंदही केला नाही. आम्ही दोघं पायीच निघालो. मागून भोंग्यातून नुसता वारा ऐकू येत होता. रस्त्याला लागल्यावर तो म्हणाला, "माठ पाह्यला का गा? भरलेलाच होता. सारे आपापल्या बाटल्या आणून राहिले आता."

त्यानंतर त्याला कोणी बोलावलं नाही. तंबाखू-सुपारीचा खर्रा वाढला, मग गळ्याचा कॅन्सर. नागपूरला ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्रच काढलं. टीव्हीसमोर बसला की त्याचे नुसते ओठ हलत...

त्याची अंत्ययात्रा मैदानाच्या कडेनं गेली. सामना चालू होता, तो थांबला नाही. एक बॉल घरंगळत आमच्या पायांत आला. नुकताच खांदा बदललेल्या एकानं वाकून तो उचलला, परत फेकला, आणि आम्ही पुढं निघालो.

परवा दुपार कलल्यावर त्याच्या घरी गेलो. चूल थंड होती. त्या घराचं जेवण सामन्यांच्या लंचवर चाले. ऑस्ट्रेलियात कसोटी असली की सकाळीच ताटं, इंग्लंडात असली की दिवेलागणीच्या आधी. घास गिळवेनासा झाला तरी देवानंद त्या वेळेला ताटावर येऊन बसायचा. सुमनवहिनी भिंतीला टेकून होत्या. सकाळपासून जेवल्या नव्हत्या.

"भाऊजी," त्यांनी विचारलं, "सध्या कुठं मॅच चालू हाये?"

मला माहीत नव्हतं.