खराब वाजवण्याचा पगार

माझे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, संगीताचे पदवीधर आहेत. विद्यापीठात पहिले आले होते. हे मीच आधी सांगून टाकतो, कारण ते स्वतः कधी सांगत नाहीत आणि ताई सांगितल्याशिवाय राहत नाही. लग्न ठरलं तेव्हा मी त्यांना तोंडावर विचारलं होतं, "व्हायोलिन वाजवता ते ठीक आहे, पण करता काय?" ताईने त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी अबोला धरला. मी हिशेब तपासणारा माणूस, प्रश्न विचारण्यावरच माझं पोट चालतं. आणि प्रश्न काही चुकीचा नव्हता.

भावोजी जुन्या वाद्यांच्या दुकानात नोकरी करतात. चष्मेवाल्याच्या शेजारचं अरुंद दुकान, भिंतीवर ओळीने टांगलेली व्हायोलिनं, आत सरसाचा आणि राळेचा वास. "ते दुरुस्तीचं बघतात," असं ताई सगळ्यांना सांगायची. एकदा तिच्या घराची किल्ली न्यायला मी दुकानात गेलो, तेव्हा ते खरं काय बघतात ते कळलं.

एक मुलगी व्हायोलिन विकायला आली होती. नुकतीच संगीताची पदवी घेऊन बाहेर पडलेली आणि घरभाडं थकलेली. भावोजींनी वाद्य हळुवार पुसलं, तारा जुळवल्या आणि वाजवायला घेतलं. हात असा सफाईने फिरत होता की माणूस पट्टीचा आहे हे आंधळ्यालाही कळावं. पण आवाज निघाला तो पडसं झाल्यासारखा. मुलीचा चेहरा उतरला. "लाकडात जीव नाही राहिला हो," मालक हळहळले. "आमच्या पदवीधरांच्या हातात असं वाजतंय, तर बाकीच्यांचं काय?" मालक म्हणाले त्या किमतीला मुलीने ते देऊन टाकलं आणि रिकाम्या हाताने गेली. थोड्या वेळाने एक गिऱ्हाईक आलं. भावोजींनी तेच व्हायोलिन उचललं, आणि माझ्यासारख्या रुक्ष माणसाच्याही अंगावर काटा आला. दुप्पट किमतीला गेलं.

"मघाशी काय झालं होतं त्याला?" मी बाहेर येऊन विचारलं.

"त्याला काय होतंय? मी करतो ते." मग त्यांनी मला शांतपणे समजावलं. तारांवर फिरवायचा गज किंचित तिरका धरायचा, दाब अर्धा ठेवायचा, तारेला मोकळं बोलू द्यायचं नाही. "नवशिक्याचं हे काम नाही. त्याने वाईट वाजवलं तर लोक त्यालाच नावं ठेवतात. वाद्याला नावं ठेवायला लावायचं तर चांगलं वाजवता यावं लागतं. आणि नजर सारखी विकणाऱ्याच्या तोंडावर पाहिजे. तोंड पडलं की थांबायचं."

मी कपाळावर हात मारला. एवढी वर्षं शिकून माणसाने मिळवलं काय, तर शिकलेल्यांनाच शेंडी लावायची कला! घरात मात्र त्याची थट्टा होऊन बसली. भाजी करपली की ताई म्हणायची, "मुद्दाम केलीय, यांच्या वाजवण्यासारखी." भावोजीही हसायचे. मला त्या हसण्याची कीव यायची आणि रागही यायचा.

पुढे मालकाला शहाणपण सुचलं. त्याने भावोजींना एक दिवस बसवून त्यांचं चांगलं वाजवणं कॅमेऱ्यात उतरवून घेतलं. आता गिऱ्हाइकं घरबसल्या फोनवर तेच ऐकतात आणि वाद्य मागवतात. त्या दिवसाबद्दल भावोजींना जेवण मिळालं आणि आभार मिळाले. चांगलं वाजवायचं काम तिथेच संपलं. विकायला येणारे अजून स्वतः येतात, म्हणून खराब वाजवायचं काम तेवढं राहिलं, आणि पगार त्याचाच. घरी ते व्हायोलिनला हात लावत नाहीत. त्यांची मुलगी, माझी भाची, आतल्या खोलीत सरावाला बसली की हे बाहेरून खुर्चीतूनच ओरडतात, "चौथं बोट चुकतंय!" तेवढाच त्यांचा संगीताशी संबंध.

आणि त्याच भाचीला त्याच विद्यापीठात, त्याच विभागात प्रवेश मिळाला. फी भरायचा शेवटचा दिवस सोमवार. रविवारी दुपारी ताईने मला बोलावून घेतलं.

त्यांचं घर धुलाईच्या दुकानावर आहे. खालची यंत्रं फिरायला लागली की टेबलावरचे कप थरथरतात. त्या टेबलावर मी सगळं मांडलं. फी किती, कर्जाचं व्याज किती, तेवढी वर्षं ती माझ्या ऑफिसात बसली तर मिळेल किती, पदवीनंतर शिकवण्या धरून कमाई किती. कुठूनही बेरीज केली तरी पैसे पाण्यातच. मी काही दुष्ट नाही, पोरगी माझ्या अंगाखांद्यावर वाढलीय. म्हणूनच तर पोटतिडकीने सांगत होतो.

"एक गोष्ट तू धरलीच नाहीस," भावोजी म्हणाले. ते असं मध्ये कधी बोलत नाहीत. "हात. पैसा नाही मिळाला मला, मान्य. पण हात मिळाला. तो कुणी काढून घेऊ शकत नाही. तो जमेला धर."

मी म्हणणार होतो, हाताची किंमत किती लावू? पण भाचीच मध्ये पडली.

"मग दाखवा ना बाबा. माझ्या आठवणीत तुम्ही घरी वाजवलेलंच नाही. एकदा नीट वाजवा. तो हात खरंच असेल तर मी कर्ज काढून जाते. नसेल तर उद्यापासून मामाच्या ऑफिसात."

तिने स्वतःचं व्हायोलिन आणून बापाच्या मांडीवर ठेवलं. ताई भांडी तशीच टाकून दारात येऊन उभी राहिली.

भावोजींनी तारा जुळवल्या, डोळे मिटले आणि गज टेकवला. तोच आवाज. पडसं झालेला, दबलेला, दुकानातला. ते थांबले. गजाला राळ लावली, खुंटी पिळली, परत सुरू केलं. गज आपोआप तिरका होत होता. त्यांनी मनगट हलवून तो सरळ केला, दोन सूर जेमतेम मोकळे निघाले, आणि हात पुन्हा आपल्या सवयीच्या वाटेला लागला. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. खालची यंत्रं बंद होती, नाहीतर त्यांना तरी दोष देता आला असता.

भाचीने व्हायोलिन त्यांच्या हातातून काढून घेतलं. "बाबा, ही युक्ती दुकानात करा! मी जाऊ नये म्हणून मुद्दाम वाजवताय असं. मला काय कळत नाही?"

मुद्दाम वाजवताना हा माणूस समोरच्याच्या तोंडावरची नजर काढत नाही. आज त्याचे डोळे मिटलेले होते.

भावोजींनी मुलीकडे पाहिलं. मग हसले, भाजी करपल्यावर हसायचे तसेच. "पकडलंस की," ते म्हणाले. "मुद्दामच."

"बघ मामा! म्हणजे हात आहे!" पोरगी टाळी वाजवून आत पळाली. "उद्या फी भरायची!" ताईने पदर डोळ्यांना लावला आणि ती भांड्यांकडे वळली.

या माणसाशी वाद जिंकावा असं मला ताईच्या लग्नापासून वाटत होतं. जिंकलो, आणि असं वाटलं की तिथेच टेबलावर डोकं ठेवून रडावं. मुलीला हाक मारून खरं सांगावं, असंही मनात आलं. तोंड उघडलंही. भावोजींनी माझं मनगट धरलं.

"जाऊ दे तिला," ते हळूच म्हणाले. "तुझा हिशेब बरोबर आहे. हात वजा कर. फक्त तिच्यासमोर नको."

आत भाची आनंदाने वाजवायला बसली होती. आवाज मोकळा, भरलेला, आख्ख्या घरात शिरणारा. मी भावोजींकडे पाहायचं टाळत होतो.

"चौथं बोट," ते पुटपुटले. "अजून किंचित खालीच लागतंय तिचं."

"तुम्हाला बरं कळतं," मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

"सगळं कळतं रे," भावोजी म्हणाले. "मघाशी माझंही कळत होतं."