बंडीच्या मापाचा ओटा

पांढरकवड्याच्या जुन्या बाजारओळीत सगळ्या दुकानांना सागवानी खांब, फळ्यांची दारं आणि पुढं कमरेइतका काळ्या दगडाचा ओटा. इतका उंच कशाला, हे मला कधी कळलं नव्हतं.

कापसाला भाव नव्हता, ती वर्षं. व्यापारी खरेदी बंद करून दुसरी दुकानं टाकत होते, ओटे फोडून शटरं बसवत होते. सातवीत शाळा सोडलेला मी तेव्हा नुकता स्वतःच्या नावावर गवंडीकाम घ्यायला लागलो होतो. पहिलंच काम एका शेटजींचं. कपड्यांचं दुकान टाकायचं होतं.

"हा ओटा काढून टाक. बायामाणसं चढतीन कशी?"

दगडांच्या सांध्यात लोखंडी सब्बल लावली. चुन्यानं दगड असा धरलेला, की दुपारपर्यंत एकच सुटला. समोरच्या पानठेल्यावर एक म्हातारे बंडीवाले बसले होते; जन्मभर बैलगाडीनं कापूस वाहिलेले.

"काहून फोडून राह्यला रे? बंडीच्या मापाचा हाय तो. बंडी टेकवली का कापसाचं गाठोडं सरळ आत. पाठीवर घ्याचं कामच नाही."

मी टेप घेतला. ओळीतले पाच ओटे मोजले. बोटभर फरक नव्हता. ज्यांनी बांधले ते माझ्यासारखेच, फार न शिकलेले असतील. ऊर भरून आला. मग भीतीही वाटली, कारण आता शेटजींशी बोलणं आलं, आणि काम हातचं जायचं.

"शेटजी, ओटा राहू द्या. मधात चार पायऱ्या काढून देतो. गिऱ्हाईक नाही चढलं तं फुकट फोडून देईन."

"किती शिकला तू?"

"सातवी."

"तरीच बोलाचं भेव नाही तुले." आणि हो म्हणाले. ते उपकार मी विसरलो नाही.

पहिली पायरी मी माझ्याच पायाच्या हिशेबानं बांधली. शेटजींच्या आई गुडघ्यावर हात टेकून चढल्या. दुसऱ्या दिवशी मीच ती उकलून बसकी केली. मग त्या हात न टेकता चढल्या.

आता मी सुरतेकडे मोठमोठ्या इमारतींवर असतो. गावाकडचा फोन आला की आधी धस्स होतं, ओटा पाडला तर नाही ना. रस्ता रुंद करून राह्यले का, एवढंच विचारतो. परवा बहीण म्हणाली, "हाय तुहा ओटा. बाया पायऱ्यांवर बसतात, शेटजी उठवतात, त्या पुन्हा बसतात."