गिटारची उत्तरपूजा

खंडेनवमीच्या आधी बाबांचा फोन आला आणि त्यांनी मला गिटार घेऊन घरी यायला सांगितलं. म्हणाले, "सुट्टीला येतेच आहेस, तर तुझं ते यंत्रही आण. पूजेत ठेवू."

हे वाक्य माझ्यासाठी लहान नव्हतं. बाबा खानदेशातून देवासला कारखान्याच्या नोकरीसाठी आले आणि निवृत्त होईपर्यंत मेंटेनन्समध्ये राहिले. दर खंडेनवमीला आमच्या पुढच्या खोलीत पाटावर लाल कापड घालून त्यांचे पाने, पेचकस, पक्कड, मोजपट्ट्या मांडल्या जातात. शेजारी आईचं शिलाई मशीन आणि विळी. मी शाळेत असताना माझी कंपासपेटी असायची, कॉलेजात गेल्यावर कॅल्क्युलेटर. मी आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांतली पहिली पदवीधर. हे मी मुद्दाम सांगते, सांगण्यासारखं आहे म्हणून. पण इलेक्ट्रिक गिटार त्या पाटावर कधी बसली नव्हती. बाबा तिला 'खेळणं' म्हणायचे. बँकेची नोकरी लागल्यावर मी ती इंदूरहून जुनी, कुणीतरी वापरलेली आणली, तेव्हा त्यांनी एकदाच विचारलं होतं, "याने प्रमोशनमध्ये काही फायदा?"

आता ते तिला यंत्र म्हणत होते. मी धारहून निघाले तेव्हा पाठीवर गिटार होती आणि चेहऱ्यावर हसू होतं, हे मला बसच्या काचेत दिसलं.

दुसरंही कारण होतं. दसऱ्याच्या संध्याकाळी धारमध्ये आम्हा काही वाजवणाऱ्यांचा कार्यक्रम होता. तिथल्या जुन्या मराठी मंडळींच्या सभागृहात दर दसऱ्याला भावगीतं, नाट्यगीतं होतात. संस्थानी काळापासूनची ही घराणी, बोलणं अजून 'आपण यावे, बसावे' असं. मी बँकेच्या धारजवळच्या तिरल्याच्या शाखेत काम करते आणि धारमध्ये राहते, त्यामुळे ओळखी झालेल्या. त्यांच्याकडे गिटार वाजवायची परवानगी मिळवायला मला दोनदा चहाला जावं लागलं. शेवटी एक काका म्हणाले, "बरं, वाजवा. पण सुरात असावे." आणि त्या कार्यक्रमाला पहिल्यांदाच आई-बाबा माझं वाजवणं ऐकायला येणार होते. मला ते सुरातच हवं होतं.

नवमीच्या सकाळी मी आणि आई झेंडू आणायला गेलो. टेकरीवर देवीच्या दर्शनाची गर्दी, रस्ते बंद, त्यामुळे यायला उशीर झाला. परत आलो तर पूजा होऊनही गेली होती. बाबा सोवळं नेसून बसलेले. पाटावर मधोमध माझी गिटार होती, पण अशी की मला ती आधी ओळखूच आली नाही.

तारा नव्हत्या. सहाही तारा पुसून, तेल लावून, गोल गुंडाळून सुतळीने बांधून एका बाजूला. गिटार पालथी. पाठीमागचं झाकण उघडं. ब्रिज, म्हणजे तारा जिथे टेकतात ती धातूची घोडी, सुटी काढून विड्याच्या पानावर. आणि स्टीलच्या वाटीत रॉकेल, त्यात तिन्ही स्प्रिंगा बुडवलेल्या. प्रत्येक तुकड्याला हळदीकुंकवाचं बोट लावलेलं.

"कसं दिसतंय?" बाबांनी विचारलं. खरंच आनंदात होते. "तुझ्या ह्यात तर स्प्रिंगा निघाल्या गं. मला वाटलं होतं नुसतं लाकूड असेल. केवढ्या ताणात ठेवलेल्या बिचाऱ्या. आमच्याकडे पूजेच्या आधी शिरस्ता होता, जे जे ताणलेलं आहे ते सगळं सैल करायचं. पट्टे, स्प्रिंगा, साखळ्या. एक दिवस त्यांनाही विसावा."

मी खाली बसले.

साध्या गिटारीचं एक बरं असतं. तारा सोडल्या, परत ताणल्या, झालं. माझीचं तसं नाही. तिचा ब्रिज हलता आहे. त्याला एक दांडी असते, ती दाबली की सूर खाली झुकतो, थरथरतो, आणि सोडली की जागेवर येतो. येतो, कारण पुढून तारा ब्रिजला ओढतात आणि पाठीमागून स्प्रिंगा तितक्याच जोराने ओढतात. दोघांच्या मध्ये ब्रिज अधांतरी तरंगतो. दोन भावांनी दोन बाजूंनी धरलेल्या चादरीसारखं ते आहे. एकाने हात सोडला की दुसरा पडतो. स्प्रिंगा ज्या पत्र्याला अडकवतात तो दोन लांब स्क्रूंनी लाकडात धरलेला असतो. तो नेमका कितपत आत हवा, हे मी कित्येक रविवार घालवून बसवलं होतं. बाबांनी तेही दोन्ही स्क्रू सैल केले होते. चांगले सैल.

मी हळू आवाजात सगळं समजावून सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

"मग बिघडली का?"

"बिघडली नाही. पण सगळं पहिल्यापासून बसवावं लागेल. आणि तेल लागलेल्या, गुंडाळलेल्या तारा आता चालणार नाहीत. बॅगेत एक नवा संच आहे, पण तो जाड आहे, त्याची ओढ जास्त. आणि नव्या तारा पहिला दिवस उतरतच राहतात. त्यांना ताणून रात्रभर तरी ठेवायला हवं. म्हणजे आत्ता सुरू केलं तर उद्या संध्याकाळपर्यंत जमेल."

"आत्ता?" बाबा म्हणाले. "आता तर पूजा झाली."

खरी अडचण ही होती. आमच्याकडे पूजेत बसलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत कुणी उचलत नाही. बाबांनी नोकरीच्या एवढ्या वर्षांत हा नेम मोडला नव्हता. एकदा नवमीला घरातला नळ फुटला, तर दिवसभर चिंधी बांधून ठेवली, पाना उचलला नाही. आता गिटार पूजेत, स्प्रिंगा पूजेत, आणि त्या बसवायचा पेचकसही पूजेत.

मी धारला आमच्या ड्रमवाल्याला फोन लावला. तो माझ्याच शाखेत आहे. माळव्यातल्या सवयीने म्हटलं, "भिया, असं असं झालंय."

तो आधी हसला. मग म्हणाला, "दीदी, तू बोल तो मैं काका को बोल दूँ कि गिटार की तबीयत खराब है? हार्मोनियम पे चला लेंगे."

"नको. संध्याकाळी सांगते."

"सोच ले. बेसुरा बजा तो अगली बार चाय भी नहीं मिलेगी."

मी फोन ठेवला. बाबा पाटासमोर तसेच बसून होते, हात मांडीवर. मी त्यांना नेम मोडायला सांगणार नव्हते. ज्या माणसाने तीन पाळ्यांत काम करून मला शिकवलं, त्याच्या एका दिवसाच्या विसाव्यावर मी कशी बोट ठेवणार? पण सभागृहातली ती रिकामी खुर्चीही डोळ्यांसमोरून हलत नव्हती, जिच्यावर मी हार्मोनियमचा कार्यक्रम ऐकत बसले असते.

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून आली. तिने पाटाजवळ वाकून, नमस्कार करून, विळी उचलली.

बाबा म्हणाले, "अगं, हे काय?"

"भोपळा चिरायचाय. नैवेद्य कशाने करू? दातांनी?"

"पण पूजेतली..."

"दर वर्षी उचलते. तुमचं लक्ष आज गेलं." आई तिथेच विळी मांडून बसली. "लग्न होऊन आले तेव्हापासून माझी विळी पूजेत बसते आणि तासाभरात उठते. तुमच्या पान्याला विसावा, पक्कडीला विसावा, आता पोरीच्या स्प्रिंगेलाही विसावा. माझ्या विळीला कुणी विचारलं? आणि देवीने कधी मला काही म्हटलं नाही. जेवून खूश होते ती."

भोपळ्याच्या फोडी पडल्याचा आवाज तेवढा येत होता. मग बाबांनी ताम्हणातल्या अक्षता उचलल्या, पाटावर वाहिल्या, हात जोडून पुटपुटले आणि दोन्ही हातांनी पाट जरासा हलवला. उत्तरपूजा. दसऱ्याच्या आदल्या दुपारी.

"पेचकस कुठला देऊ?" त्यांनी मला विचारलं. "फुलीचा की सपाट?"

मग आम्ही दोघं बसलो. मी सांगत होते, ते करत होते. रॉकेलमधून स्प्रिंगा काढून त्यांनी कोरड्या केल्या. ब्रिज दोन खुंट्यांवर बसवला. जाड तारांना जोर जास्त लागणार म्हणून मी तीनऐवजी चार स्प्रिंगा घ्यायला सांगितल्या. एक जास्तीची बॅगेच्या कप्प्यात होती. मागचा पत्रा मुद्दाम जास्त कसून घेतला. आता ब्रिज पाठीमागे झुकू नये म्हणून त्याच्या बुडाखाली जाड कागदाचा टेकू लागणार होता.

"आई, जाड पुठ्ठा आहे का?"

आईने कपाटातून लग्नपत्रिकांचा गठ्ठा आणून दिला. कॉलनीतल्या, नात्यातल्या, सोनेरी गणपतीवाल्या. "घे. तुझ्याबरोबरच्या सगळ्या पोरींच्या आहेत. तुझ्या गिटारीला टेकू लावायच्या कामी तरी आल्या."

"आई."

"मी काय म्हटलं? काप आणि लाव."

मी पत्रिका कापून लावल्या. तारा जातात त्या खाचांत बाबा तेल घालायला निघाले होते, मी थांबवलं आणि पेन्सिलीचं टोक घासायला सांगितलं. शिशाने तार सुरळीत सरकते, चिकटत नाही. ते म्हणाले, "हे पटलं. ग्रॅफाइट." तारा चढवल्या, सुरात आणल्या. मग खरं काम. मी पत्रिकेच्या तुकड्यांवर बोट ठेवून बसले आणि बाबा मागचे स्क्रू जरा-जरा सैल करत गेले. प्रत्येक वेळी तारा पुन्हा जुळवायच्या, कारण एक चढवली की बाकीच्या उतरतात. बाबांना याचा राग येईल असं मला वाटलं होतं. त्यांना ते आवडलं.

"म्हणजे एकाला हात लावला की सगळ्यांना विचारावं लागतं," ते म्हणाले.

"हो."

"आणि कधी कळतं की जमलं?"

"ब्रिज न हलता पत्रिका निघाली की."

अशी वेळ आली तेव्हा ऊन अंगणाबाहेर गेलं होतं. बाबांनी स्क्रू किंचित फिरवला, मी पत्रिकेचा तुकडा ओढला, तो अलगद हातात आला आणि ब्रिज तरंगत राहिला. मी दांडी दाबली, सोडली. सूर गेला आणि जवळजवळ जागेवर परत आला. मग ब्रिजच्या मागचे बारीक स्क्रू फिरवून प्रत्येक तार वरपर्यंत खरी बोलते का ते पाहिलं. गिटारच्या मानेचा बाक ठरवणाऱ्या सळईला हात लावला नाही. ते एका दुपारचं काम नव्हतं. तारा थोड्या उंच राहिल्या. बोटांना त्रास होणार होता, पण तेवढा चालतो.

रात्री जेवताना मी ड्रमवाल्याला कळवलं, हार्मोनियम नको.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी तारा उतरल्या होत्या, अपेक्षेप्रमाणे. जुळवल्या, ताणल्या, पुन्हा जुळवल्या. इंदूरवरून धारची बस धरली. आई-बाबा पुढच्या सीटवर, गिटार माझ्या मांडीवर, कुंकवाचा ठिपका तसाच. आई पुसू देईना.

सभागृहात मी दोन गाणी वाजवली. पहिल्या गाण्यात तिसरी तार जरा उतरली, मी कडव्यांच्या मधल्या जागेत चढवून घेतली. दुसऱ्यात सगळं जागेवर होतं. शेवटच्या ओळीवर मी दांडी हळूच दाबली, सूर झुकला, थरथरला आणि नीट वर आला. परवानगी देणारे काका डोळे मिटून बसले होते. बाबा मात्र डोळे उघडे ठेवून बघत होते, माझ्याकडे नाही, ब्रिजकडे. तो टिकतोय का ते.

नंतर शमीची पानं वाटताना काका बाबांजवळ आले. सोनं देऊन म्हणाले, "कन्येने छान वाजविले. आपल्याकडे संगीताचे वातावरण दिसते. आपण स्वतः काय वाजविता?"

बाबांनी मान हलवली. "आम्ही वाजवत नाही," ते म्हणाले. "आम्ही मेंटेनन्स बघतो. कालच सर्व्हिसिंग झालं."

मी शेजारीच उभी होते. त्या 'आम्ही'त मी होते, आईही होती. आई काकांच्या पत्नीला भोपळ्याच्या भाजीबद्दल काहीतरी सांगत होती. मी वाकून आधी आईला नमस्कार केला, मग बाबांना. सोन्याचं पान त्यांच्या हातावर ठेवलं, तेव्हा त्यांच्या नखांत अजून पेन्सिलीचं काळं होतं.