एसटीतला मामा

राग तसा माझ्या नाकाच्या शेंड्यावर. पण त्या सकाळी कोंढ्याहून भंडाऱ्याला जाताना शेजारी बसलेला माणूस मांडीला मांडी घासत होता आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. "नंबर दे नं. नाव तं सांग," हे सुरूच. मेल्याचं थोबाड रंगवायला हात शिवशिवत होते! पण बोंब केली की ती गावात जाणार, गावातून बाबांच्या कानावर, आणि मग माझं नर्सिंगचं कॉलेज बंद. आमच्या गल्लीतल्या एकीचं असंच झालं होतं. म्हणून मी खिडकीला चिकटून गप्प बसले.

पुढच्या सीटवरचा एक म्हातारा सारखा वळून पाहत होता. घ्या, आता हा आणखी एक! तो उठला, माझ्यापाशी आला आणि सरळ वाकला. मी घाबरून पाय आखडले.

"अवं भाची, पाया तं पडू दे! मामाले वळखलं नाही का?"

आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो, ती कितीही लहान असो. सगळी बस वळून पाहू लागली. म्हातारा शेजारच्याला म्हणाला, "ऊठ बाबू. मामा-भाचीले बसू दे." तो जो उठला, तो पुढच्याच थांब्यावर उतरला.

या मामाला मी जन्मात पाहिलं नव्हतं. विचारलं, तर म्हणाला, "मी आसगावचा. तुही मामी भंडाऱ्याले दवाखान्यात भरती हाय, रोज डबा नेऊन राहिलो. नातं कायले पाहिजे? पाया पडलो, झाली भाची." मला रडूच फुटलं. मग हळूच म्हणाला, "घरी सांगजो पोरी. मामा संग होता म्हणून सांगजो."

संध्याकाळी मी सगळं सांगून टाकलं. बाबांचा घास हातातच राहिला. झालं, संपलं कॉलेज, असंच मला वाटलं.

सकाळी ते माझ्यासोबत थांब्यावर आले. बस आली. मी खिडकीतला मामा दाखवला, तसे बाबा साऱ्या बसला ऐकू जाईल असं ओरडले, "काहो साळेबुवा! बहिणीच्या घरी चहाले कधी येता?"

बस हसली. बाबांहून वीस-पंचवीस वर्षांनी मोठा तो माणूस खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "नुसता चहा नाही चालत भाऊजी! पोरगी पास होऊ द्या, मंग पेढेच खातो."

"होते नं, कशी नाही होत," बाबा म्हणाले आणि माझी बॅग त्यांनीच बसमध्ये चढवून दिली.