हाकेला ओ

त्या घरात हाक आली की ओ द्यावीच लागे. बाबा शिंपी, त्यांचं मशीन पुढच्या खोलीत, स्वयंपाकघर मागे. मशीनच्या घरघरीत आपली हाक पोचली की नाही, हे आईला कळायला दुसरा मार्गच नव्हता. ओ आली नाही की ती पुन्हा हाक मारी, आणि तरीही सामसूम असेल तर हातातल्या पळीसकट स्वतः प्रकट होई.

आई गेली. मशीनवर चादर पडली आणि बाबांची आठवण कडेकडेनं उसवत चालली. माणसांची नावं गेली, वार गेले. दुपारी फिरायला जायची सवय तेवढी राहिली, आणि त्यांना कोंडून ठेवायला धाकट्या लेकीचं मन घेईना. मोबाइलची ॲप्स बनवणं हे तिचं पोटापाण्याचं काम. एक तिनं घरासाठी बनवलं. बाबांच्या खिशातला फोन त्यांचा ठावठिकाणा कळवायचा; तिच्या फोनमध्ये पडद्यामागे राबणारी सर्व्हिस, म्हणजे ॲपचा न दिसणारा भाग, ती खबर घ्यायची आणि समोरच्या स्क्रीनला हाक मारून सांगायची. मग स्क्रीनवर निळा ठिपका हलायचा.

ऑफिसात टेबलावर फोन उभा करून ती तो ठिपका बघत बसे. उन्हं तिरपी होत, पंखा फिरत राही, ठिपका तळ्याकाठून संथ सरके, आणि तिला वाटे, आपण पुन्हा लहान झालोय, बाबांचं बोट धरून चाललोय. पगाराच्या कामात असलं सुख तिला कधी लाभलं नव्हतं.

त्या दुपारी ठिपका तळ्याकाठच्या बाकावर टेकला. तेवढ्यात एका गिऱ्हाइकाचा फोन आला, त्याचं गुऱ्हाळ संपता संपेना. फोन ठेवून पाहिलं तर ठिपका बाकावरच. बसू देत निवांत, म्हणत तीही पेंगुळली. सावली टेबलावरून भिंतीवर चढली, तरी ठिपका हलेना. मग मात्र ती ताडकन उठली. ती धावत तळ्यावर पोचली.

बाकावर कुणी नव्हतं. पाणी तेवढं चकाकत होतं.

तिथे तिला आपली चूक उमगली. कुणाचा फोन येऊन ठिपक्याची स्क्रीन नजरेआड झाली की स्क्रीनचे कान मिटायचे, हे तिनंच ठरवलं होतं, बॅटरी वाचावी म्हणून. स्क्रीन परतल्यावर तिनं कान उघडायचे आणि आधी विचारायचं, 'बाबा आता कुठे आहेत?' तेवढंच ही शहाणी लिहायला विसरली होती. सर्व्हिस बिचारी कधीची हाका मारत होती, आणि स्क्रीन जुनाच ठिपका मिरवत ढिम्म बसली होती. तिनं ॲप बंद करून पुन्हा उघडलं. ठिपका घरी होता.

घराचं दार सताड उघडं. बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून आतल्या रिकामपणाला सांगत होते, "ओ! अगं, ओ म्हणतोय ना!"

"बाबा, काय झालं?"

"तुझी आई कधीची हाक मारतेय. तळ्यावरून ओ देऊन देऊन घसा बसला, तरी थांबेना. म्हणून आलो, तर आता बोलतच नाही."

धाकटीनं मागचं दार लोटून घेतलं.

"आईनं नाही, बाबा. मीच मारली हाक."

बाबांचा चेहरा सैलावला. "तू होय! मग बोल की, काय काम काढलंस?"

"काही नाही. तुम्ही कुठे आहात, तेवढंच विचारायचं होतं."

"हा काय," बाबा म्हणाले, "इथेच तर आहे."