चढवून ठेवलेला आवाज

मंडळी, एकेकाळी मीच चालवलेला आमचा जुना ट्रक आज तुमसरच्या राईस मिलवर उभा होता. उभ्या गाडीचा आवाज मला जरा चढा वाटला. पाहतो तर उभ्या गाडीत इंजिनाचा वेग ठरवणारा आयडलचा स्क्रू कुणीतरी पिळलेला. तो जागेवर आणला, तसं तापलेलं इंजिन थरथरायला लागलं. डिझेल फवारणाऱ्या एकेका नोझलचा पाईप सैल करून ऐकलं. बाकीच्यांना इंजिनाचा आवाज पडला, तिसऱ्याला बदललाच नाही, म्हणजे दोष तिथंच.

ड्रायव्हरला विचारलं, “रामदासभाऊ, काहून लपवलं जी?”

“सेठ, तुमचे कान लई तिखट. आयकलं असतं तं गाडी इकून टाकली असती. या वयात मले दुसरी गाडी कोन देईल?”



ट्रक विकायचा सौदा मी कालच पक्का केलाय. नोझल उद्या बदलेल, पण रामदासभाऊंना काय सांगू?